संस्कृत येतं, मग अवेस्तातल्या गाथा थेट वाचता येतील का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: संस्कृतात एम.ए. झालंय, ऋग्वेदातली निवडक सूक्तं सायणभाष्यासह वाचली आहेत. अवेस्ता, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथाची भाषा, ही वेदांचीच बहीण, ‘स’चा ‘ह’ केला की झालं, असं ऐकलंय. ध्वनिबदलाची सूत्रं पाठ करून त्यातल्या गाथांना, म्हणजे पारशी धर्माचा प्रणेता जरथुष्ट्र याच्या सूक्तांना, थेट हात घातला तर चालेल का, आणि किती काळ लागेल?

थेट गाथांना हात घालू नका. संस्कृत येणाऱ्याला अवेस्ताची भाषा लवकर येते हे खरं. पण ठामपणे चुकीचं वाचणाराही बहुतेक वेळा संस्कृतवालाच असतो. शब्दाचं रूप ओळखीचं दिसलं की अर्थही ओळखीचाच असणार असं आपण धरून चालतो, आणि तिथेच घसरतो. रूपं, विभक्ती, छंद यांसाठी संस्कृतावर खुशाल भिस्त ठेवा. अर्थ मात्र अवेस्तातल्याच दुसऱ्या जागा पडताळून ठरवायचा.

एक उदाहरण सावकाश पाहू. मिहिर यश्तातलं, म्हणजे मिथ्राच्या स्तोत्रातलं सहावं कडवं नवशिक्याला नेहमी दाखवतात. (खाली ‘ज़’ हा ‘जहाज’मधल्या ‘ज’हून मऊ, नुसता घर्षणाचा आहे. ‘अॅ’ ही खूण अस्फुट ऱ्हस्व ‘अ’साठी आहे, ‘बॅट’मधल्या उच्चारासाठी नव्हे.)

तॅम् अमवन्तॅम् यज़तॅम्
सूरॅम् दामोहु सॅविश्तॅम्
मिथ्रॅम् यज़ाइ ज़ओथ्राब्यो

संस्कृत छाया सूत्रं लावून सरळ निघते:

तम् अमवन्तं यजतम्
शूरं धामसु शविष्ठम्
मित्रं यजै होत्राभ्यः

अक्षरं मोजा. पहिल्या दोन ओळींत आठ-आठ भरतात, तिसरीत सातच. ‘ब्यो’ फोडून ‘बियो’ म्हटलं की तिथेही आठ होतात. ऋग्वेदात ‘भ्यः’चं ‘भियः’ करून छंद भरून काढतात, तेच हे. ‘यज़ाइ’ हे ‘यजै’च, उत्तमपुरुषी आत्मनेपदी लेट्, ‘पूजीन’ असं संकल्पाचं वैदिक रूप. इथवर संस्कृत सोन्यासारखं उपयोगी पडतं. आता ‘दामोहु’कडे या. ‘धामसु’ म्हणून ‘निवासस्थानांमध्ये’ किंवा ‘विधानांमध्ये’ असा अर्थ लावलात तर ओळ हातची गेली. अवेस्तात ‘दामन्’ म्हणजे निर्मिलेली वस्तू, निर्मिलेला जीव. धातू तोच ‘धा’, पण तिकडे तो ‘निर्माण करणे’ या अर्थाकडे वळला. म्हणजे ‘निर्मिलेल्यांमध्ये सर्वांत बलवान अशा मिथ्राला मी आहुतींनी पूजीन.’ ध्वनी शंभर टक्के जुळला आणि अर्थ निसटला, असं या भाषेत पानोपानी होतं.

आता सूत्रं. ‘स’चा ‘ह’ हे त्यातलं एकच, आणि तेही अर्धवट सांगितलं जातं. स्वरापूर्वी आणि ‘म’पूर्वी ‘स’ जाऊन ‘ह’ येतो: सप्त–हप्त, सोम–हओम, सेना–हएना, अस्मै–अह्माइ. पण ‘त’पूर्वी तो टिकतो: अस्ति तसंच अस्ति राहतं. इ-उ नंतर, संस्कृतात जिथे मूर्धन्य ‘ष’ होतो तिथे, ‘श’ येतो: वसिष्ठ–वहिश्त. उलट संस्कृतातला ‘श’ अवेस्तात ‘स’ होतो: शत–सत, दश–दस. त्यात पुन्हा ‘श्व’ असेल तर ‘स्प’: अश्व–अस्प, विश्व–वीस्प. संस्कृतातला ‘ह’ बऱ्याचदा ‘ज़’: हस्त–ज़स्त, अहम्–अज़ॅम्, हिरण्य–ज़रन्य. घोष महाप्राण व्यंजनं अल्पप्राण होतात: भ्रातर्–ब्रातर्, भूमि–बूमि. क, त, प यांच्यापुढे व्यंजन आलं की ते बहुधा घर्षक होतात (‘हप्त’सारखे अपवाद सोडून): क्रतु–ख्रतु, मित्र–मिथ्र, प्र–फ्र. अवेस्तातला हा ‘थ’ आपला ‘थ’ नाही. जीभ दातांत धरून हवा सोडायची असा तो आहे.

सर्वांत चकवणारा बदल म्हणजे ‘र्त’चा ‘श’. ऋत–अश, अमृत–अमॅश, मर्त्य–मश्य. हे तीन शब्द पाठच करा, कारण सूत्र कळलं नाही तर अवेस्ताचा मध्यवर्ती शब्द ‘अश’ आणि आपलं ‘ऋत’ एकच आहेत हे कधीच दिसणार नाही. जुन्या पर्शियन शिलालेखांत तो ‘अर्त’ असाच आहे.

सूत्र लावण्याआधी शब्द स्वच्छ करावा लागतो. पुढच्या अक्षरात ‘इ’ असेल तर तिची चाहूल आधीच लिहिली जाते: भवति याचं ‘बवइति’. ती ‘इ’ काढून टाका. ‘ऋ’ ही ‘अॅरॅ’ अशी दोन अक्षरांत लिहितात, पण छंदात एकच मोजायची. गाथांच्या भाषेत शब्दाच्या शेवटचा स्वर सरसकट दीर्घ लिहितात, म्हणून तिथे ‘अस्ती’ दिसेल. तो दीर्घ व्याकरणाचा नसून पठणाचा आहे. लिपी उजवीकडून डावीकडे जाते, पन्नासहून जास्त अक्षरं आहेत, आणि शब्दाच्या मध्ये ‘य’ हवा तिथे हस्तलिखितात दोन ‘इ’ आणि ‘व’ हवा तिथे दोन ‘उ’ काढतात. जुन्या युरोपीय आवृत्त्या ते एकेरी छापतात, नव्या दुहेरी. कोशात शब्द सापडत नाही त्याचं कारण निम्म्या वेळा एवढंच असतं. दिलासा असा की शब्दांमध्ये बिंदू देऊन ते सुटे लिहितात, संधी जवळजवळ नाही. पदपाठ हाती आल्यासारखं वाटेल.

आता अवेस्तात काय काय आहे ते. यस्न हा ७२ अध्यायांचा पूजापाठ, मोबेद, म्हणजे पारशी पुरोहित, तो मुखोद्गत म्हणतात. त्याच्या पोटात गाथा: १७ सूक्तं, पाच गटांत, एकूण जेमतेम २४० कडवी. यस्न २८ ते ३४, ४३ ते ४६, ४७ ते ५०, आणि मग ५१ व ५३ एकेक. गाथांच्याच प्राचीन भाषेत ‘यस्न हप्तङ्हाइति’ हा सात अध्यायांचा गद्य भाग आहे, ३५ ते ४१. बाकीचं यस्न, यश्त म्हणजे एकेका यज़तचं (पूज्य देवतेचं) स्तोत्र, आणि शुद्धी-अशुद्धीचा वेन्दीदाद हे सगळं नंतरच्या भाषेत. इस्लामपूर्व इराणच्या सासानी राजवटीत २१ नस्कांचा, म्हणजे खंडांचा, मोठा संग्रह होता. आज त्याचा सुमारे चौथा हिस्सा उरला आहे, तोही मुख्यतः पूजेत म्हटला जात होता म्हणून. अवेस्ता हा ‘बसून वाचायचा ग्रंथ’ नसून बहुतांशी चालू विधीची संहिता आहे. एखादा मजकूर असा का रचलाय हे कळत नसेल तर आधी विचारा: तो कोणत्या कृतीच्या वेळी म्हणतात?

गाथांनी सुरुवात का करू नये? त्या जुन्या आहेत म्हणून नव्हे. मजकूर थोडा आहे, एकेक शब्द एकदाच येतो, रचना कमालीची दाट आहे आणि वाक्य कुठे तुटतं यावरच तज्ज्ञांत मतभेद आहेत. प्रत्येक पारशी मूल शिकतं तो ‘अशॅम् वोहू’ मंत्र घ्या. बाराच शब्द:

अशॅम् वोहू वहिश्तॅम् अस्ती
उश्ता अस्ती उश्ता अह्माइ
ह्यत् अशाइ वहिश्ताइ अशॅम्

शब्द सगळे उलगडतात: ऋतम्, वसु, वसिष्ठम्, अस्ति. ‘उश्ता’ हे ‘वश्’ धातूवरून, ‘इच्छेप्रमाणे’. अह्माइ म्हणजे अस्मै, ह्यत् म्हणजे यत्, आणि मग ऋताय वसिष्ठाय ऋतम्. पहिली ओळ ‘अश हे उत्तम, सर्वोत्तम आहे’ इतकी सोपी. पण ‘अह्माइ’ कोणासाठी, आणि तिसऱ्या ओळीतलं चतुर्थीतलं ‘अश’ व प्रथमेतलं ‘अश’ यांचं नातं काय, यावर शंभर वर्षांनंतरही एकमत नाही. बारापैकी बारा शब्द माहीत असून ही गत, तर २४० कडव्यांत काय होईल? आणि या ‘वहिश्त’ला आपल्या वसिष्ठ ऋषींशी जोडायला जाऊ नका. तो इथे साधा तमभाव आहे, ‘सर्वोत्तम’. ‘वहिश्त अहु’, सर्वोत्तम अस्तित्व, यातूनच फारसीतला स्वर्गवाचक ‘बहिश्त’ आला.

इंटरनेटवर फिरणाऱ्या व्युत्पत्ती इथेच बाजूला ठेवा. ‘ज़न्द’ म्हणजे ‘छन्द’ नव्हे. ज़न्द हा ‘ज्ञा’शी नातं सांगणारा शब्द, अर्थ टीका, उलगडा. म्हणून ‘झेंद भाषा’ ही संज्ञाही चूक आहे; मूळ ते अवेस्ता, त्यावरची पहलवी, म्हणजे मध्य फारसी भाषेतली, टीका ती ज़न्द. जरथुष्ट्र या नावाचा उत्तरार्ध ‘उश्त्र’ म्हणजे उंट, हे नक्की. त्यात ‘त्वष्टा’ नाही. ‘अङ्ग्र मइन्यु’ (दुष्ट आत्मा) यातला मइन्यु हा ‘मन्यु’च, पण ‘अङ्ग्र’ला अंगिरसांशी जोडणं हे नुसतं कानाला साम्य वाटलं म्हणून जोडणं आहे. उलट ‘मज़्दा’ आणि ‘मेधा’ यांचं साम्य पहिल्यांदा ऐकताना ओढूनताणून वाटतं, पण ते नियमाने सिद्ध होतं.

देव आणि असुर यांच्याबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण मराठीत यावर सर्वांत जास्त चुकीचं लिहिलं जातं. रूढ कथा अशी: आपले देव ते त्यांचे दैत्य, आपले असुर ते त्यांचे देव, म्हणजे दोन्ही कुळांत धर्मयुद्ध झालं आणि फाटाफूट झाली. या मांडणीला वजन देणारा मार्टिन हाउग १८५९ ते १८६६ पुण्यातच संस्कृत शिकवत होता, जे कॉलेज पुढे डेक्कन कॉलेज झालं तिथे. गाथा हा अवेस्तातला सर्वांत जुना थर आहे आणि तोच जरथुष्ट्राच्या तोंडचा, हे त्याने वेगळं काढून दाखवलं. ते काम टिकलं, फाटाफुटीची कथा टिकली नाही. का, ते स्वतः तपासा. ऋग्वेद १.२४.१४ मध्ये शुनःशेप वरुणाला ‘असुर प्रचेता राजन्’ अशी आदराने हाक मारतो. म्हणजे जुन्या थरात ‘असुर’ ही शिवी नाही. ती भारतातच, नंतरच्या काळात, इराणशी संबंध नसताना झाली. दुसऱ्या बाजूला वेन्दीदाद १०.९ मध्ये इन्द्र, सउर्व (शर्व) आणि नाङ्हइथ्य (नासत्य) ही नावं दुष्ट शक्तींत येतात. पण इंद्राचं बिरुद ‘वृत्रहन्’ मात्र ‘वॅरॅथ्रग्न’ म्हणून पूज्य आहे. पुढचा बहराम तो हाच, आणि चौदावं यश्त त्याचं. मित्र, वायु, अर्यमन्, अपां नपात् हेही तिकडे पूज्यच. सरसकट उलटापालट झाली असती तर ही मंडळी दोन्हीकडे मानाने बसली नसती. गाथांतला राग ‘दएव’ या विशिष्ट पूजेवर आहे, तो यस्न ३२ मध्ये नीट दिसतो. तो इराणी जगातला अंतर्गत वाद आहे. पर्सेपोलिसला १९३५ साली सापडलेल्या, प्राचीन इराणचा सम्राट झर्क्सीस याच्या लेखात ‘दइव’पूजेची जागा मोडल्याचा उल्लेख आहे, तीही त्याच्याच साम्राज्यातली. भारतातल्या कुणाशी त्याचा संबंध नाही.

पुढची अडचण पहलवी टीकेची. गाथांचा अर्थ लावताना ज़न्द हवाच, पण ती गाथांनंतर हजारहून अधिक वर्षांनी आलेली, शब्दाला शब्द ठेवणारी टीका आहे. मूळ व्याकरण टीकाकाराला बरेचदा कळलेलं नाही. पहलवी लिपी हे वेगळंच प्रकरण. एकच खूण न, व, र अशी वाचता येते, दुसरी ग, द, य अशी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ संदर्भावरून ओळखावं लागतं, त्याच्या दसपट त्रास. शिवाय शेकडो शब्द अरामी पद्धतीने लिहून फारसीत वाचायचे: लिहायचं ‘मल्का’, वाचायचं ‘शाह’. या गोंधळातून पूर्वी ‘ओह्र्मज़्द’ (अहुर मज़्दा) हे खुद्द परमेश्वराचं नाव ‘अन्होमा’ असं वाचलं जायचं.

संस्कृतवाल्याला इथे एक खास सोय आहे. गुजरातेतल्या नेर्योसंघ धवल या पारशी पंडिताने मध्ययुगात यस्नाचं संस्कृत भाषांतर केलं. युजेन ब्यूर्नूफने १८३३ मध्ये यस्नावर काम प्रसिद्ध केलं ते याच भाषांतराचा आधार घेऊन, आणि तिथून या अभ्यासाला शास्त्रीय पाया मिळाला. पण नेर्योसंघ मूळ अवेस्तावरून नाही, ज़न्दवरून भाषांतर करतो. अहुर मज़्दासाठी तो ‘स्वामी महाज्ञानी’ लिहितो. सुंदर आहे, पण ते ‘असुर’चं भाषांतर नाही, पहलवी समजुतीचं आहे. नेर्योसंघ वाचा तो मध्ययुगीन पारशी पंडित काय समजत होते हे कळण्यासाठी. जरथुष्ट्राला काय म्हणायचं होतं याचा पुरावा म्हणून त्याला उद्धृत केलंत की निबंध तिथेच पडला.

पाठभेदांबद्दल. यस्नाच्या पहलवी टीकेसह असलेल्या दोन प्रमुख पोथ्या १३२३ सालच्या आहेत. दोन्ही मिहरबान कैखुस्रो या लेखनिकाने खंभातला उतरवल्या. एक आज ऑक्सफर्डला, दुसरी कोपनहेगनला. म्हणजे रचना आणि सर्वांत जुनी पोथी यांत दोन-अडीच हजार वर्षांचं अंतर आहे, आणि मधला सगळा प्रवास मुख्यतः पाठांतराने झालेला आहे. टीकेविना असलेल्या, पूजेत वापरायच्या पोथ्यांना ‘सादे’ म्हणतात, आपलाच ‘सादा’ शब्द. सादे पोथ्या वयाने लहान असल्या तरी कधी कधी जास्त शुद्ध पाठ देतात, कारण मोबेदाच्या पठणाने त्या सुधारत राहिल्या. गेल्डनरची अवेस्ताची १८८६ ते १८९६ मधली आवृत्ती अजून हाताशी ठेवावी लागते, पण खालच्या पाठभेदांच्या ओळी न वाचता वरचाच मजकूर उतरवून घेऊ नका. नागरीची सवय असेल तर पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाने अवेस्ताचा पाठ नागरीत छापला आहे, सरावाला तो बरा. व्याकरणासाठी संस्कृताशी तुलना करत जाणारं जॅक्सनचं १८९२चं पुस्तक तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. कोश बार्तोलोमेचा, १९०४चा. जर्मन येत नसेल तर तेवढ्यासाठी तरी शिका.

मुंबईत फोर्टमधली के. आर. कामा प्राच्य संस्था ही पहिली जागा. ज्या खरशेदजी कामांच्या नावाने ती १९१६ साली उभी राहिली, त्यांनी युरोपात ही भाषाशास्त्राची पद्धत शिकून मुंबईत तरुण मोबेदांना शिकवायला सुरुवात केली होती. पोथ्यांसाठी नवसारीचं मेहेरजी राणा ग्रंथालय. अग्यारीत बिगरपारशांना प्रवेश नसतो, ‘अभ्यासासाठी’ म्हणूनही विचारू नये. विधी समजून घ्यायचा तर जाणत्या मोबेदाशी बोला, ते मोकळेपणाने सांगतात. आणि त्यांना ‘पतेती मुबारक’ म्हणू नका: पतेती हा वर्षाचा शेवटचा, पश्चात्तापाचा दिवस, नवरोज़ दुसऱ्या दिवशी.

कालगणनेतही अशीच काळजी. पारशांचा यज़्दगर्दी सन १६ जून ६३२ पासून, वर्ष नेमकं ३६५ दिवसांचं (तिसाचे बारा महिने अधिक पाच गाथा-दिवस), अधिक दिवस नाही, त्यामुळे नववर्ष चार वर्षांत एक दिवस मागे सरकतं. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यात पारशी प्रवाशांनी कोरलेले पहलवी लेख आहेत, त्यांत ३७८ आणि ३९० ही वर्षं आहेत. ६३१ मिळवून १००९ आणि १०२१ येतात. आजच्या शहेनशाही पंचांगात मात्र नववर्ष ऑगस्टच्या मध्याला येतं, म्हणून ऑगस्ट ते डिसेंबर ६३० मिळवायचे आणि जानेवारीपासून ६३१. एकच आकडा सगळीकडे लावला की वर्षाची चूक ठरलेली. पहलवीचा हात बसल्यावर कान्हेरीचे लेख जरूर पाहा, आपल्याकडे उघड्यावर उभं राहून वाचता येणारी ही दुर्मीळ जागा आहे.

वाचनाचा क्रम असा ठेवा. पहिला महिना लिपी आणि सूत्रं. मग यस्न ९, होम यश्त. पहिल्याच वाक्यात ‘हावनी’च्या वेळी हओम जरथुष्ट्राकडे येतो, आणि ‘हावनी’ तुम्हाला ‘सवन’ म्हणून लगेच ओळखू येईल. त्यात हओम पिळणाऱ्यांची यादी आहे: विवङ्हवत् आणि त्याचा मुलगा यिम, आथ्व्य आणि त्याचा थ्रएतओन. विवस्वत्-यम आणि आप्त्य-त्रित हे डोळ्यांसमोर उभे राहतील. त्यानंतर मिहिर यश्त, १४५ कडवी, रोज दोन-तीन. वहीत चार रकाने आखा: पाठ, संस्कृत प्रतिरूप, अवेस्तात तो शब्द इतरत्र कुठे येतो, आणि शेवटी अर्थ. तिसरा रकाना रिकामा असताना चौथा भरायचा नाही. रोज तासभर बसलात तर यात सात-आठ महिने सहज जातील.

मग गाथांना या, तेही यस्न ४४ पासून. त्याची २० पैकी १९ कडवी एकाच ओळीने सुरू होतात:

तत् थ्वा पॅरॅसा अॅरॅश् मोइ वओचा अहुरा

‘हे तुला विचारतो, मला खरं सांग, अहुरा.’ तत् त्वा पृच्छा, अॅरॅश् हे ‘ऋजु’च्या कुळातलं, मोइ म्हणजे मे, वओचा म्हणजे वोच. ‘अॅरॅ’ एकच अक्षर धरून मोजा: चार आणि सात, अकरा. त्रिष्टुभाची चाल जिभेवर आपोआप येते. ओळ १९ वेळा तीच असल्याने दम खायला जागा मिळते, आणि खालचे प्रश्न इतके स्पष्ट आहेत की वाक्यरचना धरता येते: सूर्य-ताऱ्यांचा मार्ग कोणी आखला, चंद्र कोणामुळे वाढतो आणि क्षीण होतो, खाली पृथ्वी आणि वर आकाश पडू नये म्हणून कोण धरून आहे, वाऱ्याला आणि ढगांना वेग कोणी जुंपला. तिसरं, चौथं आणि पाचवं कडवं आधी पाठ करा. यस्न ३० मधले ते प्रसिद्ध जुळे मइन्यू (आत्मे) त्यानंतर. तिथे ‘येमा’ हे द्विवचन दिसेल, ‘यम’चा मूळ अर्थ जुळा हे तुम्हाला माहीतच आहे, आणि तोवर चौथा रकाना उगाच भरायची सवयही मोडलेली असेल.